चुकांची वही

"चुकीने कोणी मरत नाही, ताई," ती शिकवणारी पोरगी गुरुवारी सगळ्या वर्गासमोर म्हणाली. तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती आणि मी दोन्ही तळवे पसरून ती झाकून धरली होती, न्हाणीघराचं दार कोणी अवचित उघडल्यावर माणूस अंग झाकतं तशी. तिचं काही चुकलं नाही. बाकीचे अकरा जण हसले, त्यांचंही काही चुकलं नाही. एकोणपन्नास वर्षांची बाई मशीनचं तोंड दाबून बसली आहे म्हटल्यावर मीसुद्धा हसले असते. पण हसू आवरून सगळे आपापल्या कामाला लागले तरी माझे हात पडद्यावरून निघेनात. पडदा किंचित कोमट लागत होता. मला वाटत होतं, हात काढला की त्या लाल अक्षरांखाली तो शिंपी दिसेल, गळ्यात मापाची टेप अडकवलेला, आणि नेहमीच्या शांत आवाजात विचारेल, की बाई, माझी तारीख कोणती लिहिली आहे.

आमचं ऑफिस जन्ममृत्यूच्या नोंदींचं. पहिल्या मजल्यावर जन्म, दुसऱ्यावर मृत्यू आणि तिसऱ्यावर आम्ही टंकलेखिका. मध्ये माणसाला लग्न, नोकरी, आजारपण वगैरे काही असतं याच्याशी या इमारतीचा संबंध नाही. टाइपरायटर गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, तरी आम्ही तेच करत राहिलो, समोरचा कागद बघायचा आणि बोटं चालवायची. या वर्षी वरून हुकूम आला की टंकलेखन विभाग बंद, आणि त्याबरोबर टपाल आणि नकाशेही. चौथ्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीतली टेबलं हलवून तिथे बारा मशीन मांडली आणि सहा आठवड्यांचा प्रोग्रामिंगचा वर्ग सुरू झाला. भिंतीला अजून आमटीचा वास आहे. शेवटच्या सोमवारी परीक्षा. पास होणाऱ्यांना नवा विभाग, तिथे नोंदी तपासणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे. नापास होणाऱ्यांना भांडार. भांडार म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या तळघरातली लांबच लांब खोली, तिथे शंभर वर्षांच्या नोंदवह्या कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. वर्गातले टपालवाले काका रोज सांगायचे, तिथे बसून त्यांच्या साडूला दमा लागला. मला दम्याची भीती नव्हती. भांडारात थोरली आहे. तिथे दोनच टेबलं आहेत, समोरासमोर, आणि त्यातलं एक गेल्या वर्षापासून रिकामं आहे, एवढं मी न विचारता ऐकून ठेवलं होतं. माझी नऊ वर्षं नोकरी उरली आहे. नऊ वर्षं थोरलीच्या समोर बसायचं, तिने डबा उघडला की आपण उघडायचा, तिने मान वर केली की आपण खाली घालायची, हे मला नको होतं.

थोरली वयाने मोठी नाही. ती माझ्याआधी आठ दिवस नोकरीला लागली म्हणून थोरली, आणि मी धाकटी. आमच्या मोठ्या बाईंनीच ती नावं ठेवली, आणि वीस टाइपरायटरांच्या खडखडाटात खऱ्या नावाने हाक मारायला कोणाला सवड नव्हती. आमची टेबलं चिकटून होती. तिच्या मशीनची घंटा फुटकी होती, ओळ संपली की टिंग ऐवजी टक्क व्हायचं. माझ्या मशीनचा सात उडायचा, ओळीत न बसता केसभर वर टेकायचा. मेकॅनिकने दोनदा बघितला, मग म्हणाला, असू द्या, ओळखू येतो. मी मात्र सात मारताना दर वेळी जरा दबकूनच मारायची. चुकायचं नाही, हे मला त्या नोकरीने शिकवलं असं लोकांना वाटतं. खरं तर मी शिकूनच आले होते. आमच्या घरी वडील शाईची दौत सांडली तर ओरडत नसत, नुसते त्या डागाकडे बघत बसत, जेवण थंड होईपर्यंत. त्यापेक्षा दोन चपराका परवडल्या असत्या. मोठ्या बाई तशाच बघायच्या. सहा कार्बन लावलेलं पान, एक अक्षर चुकलं तर सहाच्या सहा प्रती खोडायच्या, आणि मोठ्या बाई ते पान खिडकीशी उजेडात धरून खरवडलेली जागा शोधायच्या. माझ्या पानांत त्यांना कधी सापडली नाही. दर महिन्याला चुकांच्या फळ्यावर माझ्या खुणेपुढे शून्य लिहिलेलं असायचं, आणि त्या शून्यावर मी घरी संसार केला, लेक वाढवली, नवरा गेल्यावर त्याचीही नोंद स्वतःच्या नजरेखाली करून घेतली. त्याचा नोंदणीचा नंबर मी इतक्या वेळा तपासला की खिडकीवरचा मुलगा म्हणाला, ताई, आता तरी जाऊ द्या त्यांना.

गुरुवारी त्या पोरीने वाट बघितली. ती माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान असेल, केस कानापर्यंत कापलेले, आणि तिला घाई म्हणून कशाचीच नाही. शेवटी मी हात काढले. यंत्र म्हणत होतं की बाराव्या ओळीत गडबड आहे. मी बारावी ओळ वाचली. परत वाचली. अक्षर न् अक्षर, टिंब न् टिंब, तिने वाटलेल्या कागदाबरहुकूम होतं. मी कागद आणि पडदा बोटाने जुळवत राहिले, आणि डावीउजवीकडे नजर टाकून कोण बघतंय हे पाहण्यातच माझं अर्धं लक्ष. मग तिने सांगितलं की मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिनेच एक कंस खोडला होता, अकराव्या ओळीच्या शेवटचा. यंत्र जिथे अडखळतं ती ओळ सांगतं, ती म्हणाली, खोट बहुतेक त्याच्या आधी असते, म्हणून मागे जायला शिका. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणून बोलली. सव्वीस दिवसांत मी एकोणीस उदाहरणं केली होती आणि प्रोग्राम चालवायचं बटण बरोबर एकोणीस वेळा दाबलं होतं. यंत्र ते मोजतं, हे मला माहीत नव्हतं. नकाशे काढणाऱ्या भाऊसाहेबांचा आकडा साडेतीनशेच्या वर होता. ते माझ्या शेजारी बसून दिवसभर कपाळावर हात मारायचे, आणि मला त्यांची मनातून कीव यायची. "ते पास होतील," ती म्हणाली. "तुम्हाला मात्र टाइप करता येतं, ताई. प्रोग्रामिंग तुम्ही अजून सुरूच केलेलं नाही."

तिच्या सूचना भिंतीवर लावलेल्या होत्या, तिच्याच तिरप्या अक्षरात, पहिल्या दिवसापासून. बटण दाबायला घाबरू नका. कागदावरून उतरवून घेऊ नका, बघा, झाका आणि मग आपल्या मनाने लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. लाल अक्षरं पूर्ण वाचा, ती तुमच्यावर रागावलेली नाहीत. अडलात तर काय अडलं ते मोठ्याने कोणाला तरी सांगा. कोणी नसेल तर खुर्चीला सांगा, सांगता सांगता सापडतं. यावर पहिल्याच दिवशी टपालवाले काका म्हणाले होते की घरी बायको असताना खुर्चीला कशाला त्रास. मी त्या सूचना पहिल्या दिवशी सुबक टाइप करून काढल्या होत्या आणि एकही पाळली नव्हती. आणि सगळ्यांत खाली लिहिलं होतं, चुकांची वही ठेवा. प्रत्येकाला एक निळी वही मिळाली होती. काय करायचं होतं, काय झालं, कसं दुरुस्त केलं, असे रकाने. परीक्षेबरोबर वही द्यायची, तिच्यावर निम्मे गुण, आणि नंतर ती परत मिळत नाही, ज्याच्या त्याच्या फायलीला लागते. भाऊसाहेबांची वही फुगून मटणाच्या दुकानातल्या वहीसारखी झाली होती, कोपरे काळे, मध्ये चहाचा डाग. माझी करकरीत. मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. ती पोरगी माझी वही चाळत गेली, कोरं पान, कोरं पान, कोरं पान, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा जरा अभिमान वाटला. मग तिने वही मिटून माझ्या हातात दिली. "ही घेऊन सोमवारी बसू देता येणार नाही मला. एक चूक असली तरी चालेल. पण खरी हवी." आणि उठता उठता म्हणाली की लाल होते ती चूक गरीब, ती निदान ओरडते. जी लाल होत नाही तिला जपा. सगळं नीट चाललंय असं दिसतं आणि आत भलतंच साचत जातं.

ती उठून गेली आणि मी तशीच बसून राहिले. त्या दिवशी, एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी, थोरलीची दाढ सुजली होती. दुपारपर्यंत तिने गालाला रुमाल दाबून रेटलं, मग मीच म्हटलं, जा तू, तुझी यादी मी मारते. महिन्याच्या मृत्यूंची यादी, चार पानं राहिली होती. तिच्या फुटक्या घंटेच्या मशीनवर मला जमायचं नाही, म्हणून कागद माझ्या मशीनला लावले. आमच्यात रीत अशी होती की ज्याची यादी त्याची खूण. पानाच्या डाव्या कोपऱ्यात थोरली फुली मारायची, मी दोन टिंबं. एकमेकींच्या याद्या आम्ही कितीदा उचलल्या होत्या, कोणाला सांगायची पद्धत नव्हती, फुलीच्या यादीवर फुलीच पडायची. तेव्हा चारही पानांवर मी फुली मारली. तिसऱ्या पानावर एक माणूस होता, त्याच नावाचा आणि त्याच आडनावाचा दुसरा एक माणूस शहरात जिवंत होता, दोघांत फरक फक्त नोंदणीच्या नंबराचा. मेलेल्याचा नंबर एकेचाळीस सदतीस. मी मारला एकेचाळीस त्र्याहत्तर. सात आणि तीन यांची जागा बदलली, एवढंच. कुठे काही वाजलं नाही. घंटासुद्धा नीट टिंग झाली. मोठ्या बाईंनी पान उजेडात धरलं, खरवडलेली जागा नव्हती, सही केली.

तीन महिन्यांनी शिंपी आला. दुकानाच्या परवान्याची मुदत संपली म्हणून तो गेला, तर त्याला सांगण्यात आलं की मयताच्या नावे परवाना देता येत नाही. तो दर मंगळवारी येऊ लागला. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यातून ओरडायची, आले बघा स्वर्गवासी, आणि तोही सुरुवातीला हसायचा. उंच होता, जरा पोक काढून चालायचा, टेप गळ्यातच, जणू आत्ता कोणाचं तरी माप अर्धं सोडून आला आहे. पाच महिने तो आला. वरचे साहेब म्हणत, नोंद खोडायची तर चूक कोणाची ते आधी ठरलं पाहिजे. ठरवणाऱ्यांच्या सह्या मिळत नव्हत्या. दुकान बंद होतं. चौथ्या महिन्यात तो वरती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, आत पाऊल न टाकता, आणि सगळ्यांत जवळ माझं टेबल म्हणून मला विचारलं, बाई, माझी तारीख कोणती लिहिली आहे. मी सांगितली. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला की त्या दिवशी त्याने एका लहान मुलीचा फ्रॉक शिवला होता, पिवळा, आणि बाही उलटी लागली म्हणून उसवला होता. एवढं बोलून गेला. पाचव्या महिन्यात नोंद दुरुस्त झाली, परवाना मिळाला, पण दुकान काही त्याने पुन्हा उघडलं नाही असं कोणी तरी सांगितलं. का, ते मी विचारलं नाही.

चौकशीत पान काढलं गेलं. मोठ्या बाईंच्या टेबलावर ते पसरलं होतं आणि आम्हा सगळ्यांना भोवती उभं केलं होतं. कोपऱ्यात फुली. थोरलीने ते पान उचललं, चष्मा वर करून जवळून बघितलं, बराच वेळ, आणि खाली ठेवलं. "फुली माझीच आहे," ती म्हणाली. मी तिच्या उजव्या हाताला उभी होते. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं असं करता करता मोठ्या बाईंनी फाइल बांधली. मला वाटलं ती विसरली. दाढेच्या ठणक्यात कोणाला लक्षात राहतं, कोणत्या तारखेला कोण लवकर घरी गेलं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. विसरलीच, असं मी त्या संध्याकाळी घरी जाताना ठरवलं, आणि त्यावर एकोणीस वर्षं काढली. पुढच्या सोमवारी तिची भांडारात बदली झाली. जाताना तिने तिची उशी, खुर्चीवरची, मला दिली. मी ती कधी वापरली नाही आणि टाकलीही नाही, ती माळ्यावर आहे. नंतर मी तिला एकदाही भेटले नाही. फळ्यावर माझ्या खुणेपुढे शून्य येत राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी लेकीच्या मशीनवर बसले. कागद नाही, काही नाही, मनाने लिहायचं. चार ओळी लिहिल्या. एक नाव घ्यायचं, यादीत त्याच नावाचं दुसरं कोणी आहे का बघायचं, असलं तर थांबून विचारायचं. दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं. मग त्या चार ओळी चाळीस वेळा वाचल्या आणि बोट बटणावर ठेवलं. बोट दाबेना. माझंच बोट, वर्षानुवर्षं मिनिटाला साठ शब्द मारलेलं. शेवटी ओळी पुसून टाकल्या आणि निळी वही पुढे ओढली. म्हटलं, चुका हव्यात ना, घ्या. अकरा चुका लिहिल्या. कंस विसरला, टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडला, नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं झालं. पुढे दुरुस्ती, सुवाच्य. मनाला थोडा आराम वाटला, खोटं सर्टिफिकेट काढून घेतल्यावर वाटत असेल तसा. लेक दवाखान्यातून आली, तिथे ती लोकांच्या दातांचे साचे घेते. चपला काढता काढता तिने वही उचलली, उभ्यानेच वाचली आणि हसली. पण ते हसू चांगलं नव्हतं. "तू आणि चुका," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या वह्यांची पानं फाडायचीस तू, आठवतं? खाडाखोड झाली की पान फाड, परत लिही. वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गात माझी वही सगळ्यांत बारीक असायची." मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच ना. ती हो म्हणाली आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. ती अजूनही एखादा निरोप लिहिताना तीनदा खोडते आणि मग पाठवतच नाही, हे मला माहीत आहे. त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

शनिवारी अर्धा दिवस. वर्ग सुरू व्हायच्या आत मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. ती संकोचली होती, मोठ्या माणसाला खोटं बोलताना पकडलं की लहान माणूस संकोचतं तशी. अकराच्या अकरा एका बैठकीत, एकाच पेनाने झालेल्या दिसतात, ती म्हणाली, पण ते सोडा. मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. खरी चूक झाली की माणूस आधी भलतीकडेच शोधतो. तासन् तास शोधतो. मशीन खराब आहे म्हणतो, शेजाऱ्याने काही केलं म्हणतो, जी ओळ ठीक आहे तीच दहा वेळा पुसून लिहितो. भाऊसाहेबांची वही वाचा, सगळी भलतीकडे शोधण्याचीच आहे. तुमच्या वहीत चूक झाली आणि लगेच सापडली, असं कधी होत नसतं. तिने पेन घेतलं, अकरा चुकांची पानं फाडली नाहीत, तशीच राहू दिली, आणि पुढच्या कोऱ्या पानावर पट्टीने आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, आधी कुठे शोधलं. "हा भरलात तर बाकीचं मी समजून घेईन," ती म्हणाली.

एक वाजता सगळे गेले. मी पर्समधला डबा काढला आणि तसाच ठेवला. खोलीत मशीनच्या पंख्यांचा बारीक आवाज होता, आणि भाऊसाहेबांची खुर्ची माझ्याकडे तोंड करून राहिली होती, पाठीला त्यांचा स्वेटर. मला हसू आलं. मी खुर्चीला म्हटलं, त्याचं असं झालं. एवढ्यावरच थांबले. दारापाशी जाऊन जिना बघून आले, कोणी नव्हतं. परत बसले. मग सांगितलं, दाढ, फुली, चार पानं, एकेचाळीस त्र्याहत्तर. आवाज माझा मलाच परका लागत होता. इतक्या वर्षांत हे मी मनात किती वेळा म्हटलं असेल, पण मनात मी नेहमी अर्ध्यातून सुरू करायची आणि थोरली विसरली इथे येऊन संपवायची. मोठ्याने सांगताना तिथे अडखळले. थोरली विसरली, हे मी खुर्चीला म्हटलं आणि ते वाक्य तसंच हवेत राहिलं. ती माणसांचे वाढदिवस, कोणाच्या सासूचं ऑपरेशन कधी, कोणत्या कपाटाची किल्ली कोणत्या खिळ्याला, काही काही विसरायची नाही. आणि ते पान तिने जवळ धरून बघितलं होतं, बराच वेळ. मी वही पिशवीत टाकली आणि भांडाराकडची बस पकडली, तिथे शनिवारीही पूर्ण दिवस असतो.

भांडाराच्या तळघरात उतरायला एकवीस पायऱ्या आहेत. मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटत होतं. खाली लांबलचक खोली, वर छताला टेकलेल्या बारीक खिडक्या, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते. थोरली टेबलाशी बसून एका वहीचं कापड बांधत होती. केस सगळे पांढरे झाले होते. गाल तेवढा तसाच, डावा जरा बसका, ती दाढ पुढे काढली असणार. तिने मान वर केली आणि मला ओळखायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. ये, बस असं काही ती म्हणाली नाही. रिकामं टेबल समोरच होतं. मी उभी राहिले. वाटेत जुळवलेलं सगळं बसमध्येच राहून गेलं होतं. मी म्हटलं, ते पान मी मारलं होतं, शिंप्याचं. तिने गाठ पक्की केली, उरलेल्या दोऱ्याचं टोक आत खोचलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कधी कळलं. ती म्हणाली, तिथेच, मोठ्या बाईंच्या टेबलाशी. तुझा सात.

अख्ख्या पानावर सात वर उडालेले होते. शहरात असा सात मारणारं मशीन एकच होतं आणि ते तिच्या शेजारी सात वर्षं खडखडत होतं. तिने पान डोळ्यांजवळ नेलं ते ओळखायला नव्हे, खात्री करायला. मी तिच्या उजव्या हाताला उभी होते हेही तिला आठवत होतं, आणि माझ्या साडीचा रंगसुद्धा. मी रिकाम्या टेबलाची कड धरली. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं की हा प्रश्न मी विचारायचा नव्हता.

"तू माझं काम केलं होतंस त्या दिवशी," थोरली म्हणाली. "तुझं नाव मी कसं घेणार? मला वाटलं, तूच सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. इथे आल्यावरसुद्धा पहिलं वर्षभर जिन्यावर पाय वाजले की मी दाराकडे बघायची. मग बघायचं सोडून दिलं."

वर रस्त्यावरून एक मूल पळत गेलं, चपलांचा फटफट आवाज झाला आणि थांबला. मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. का ते नीट सांगता आलं नाही, परीक्षा, रकाने, फायलीला लागते, असं काहीतरी तुटक बोलले. तिने चष्मा वर करून, अगदी तेव्हासारखाच, अकरा खोट्या चुका वाचल्या. कुठे कुठे तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग कोरं पान आलं, आखलेल्या रकान्यांचं. माझं पेन सापडेना, तिने तिचं पुढे केलं. मी रिकाम्या टेबलावर वही ठेवून वाकून, उभ्यानेच लिहिलं. काय करायचं होतं: शेजारणीची यादी पुरी करायची होती. काय झालं: एक जिवंत माणूस आठ महिने मेला. नंबर लिहिले, तारीख लिहिली, फुलीबद्दल लिहिलं. आधी कुठे शोधलं, या रकान्याशी हात थांबला, मग लिहिलं: ती विसरली, असं धरून चालले, एकोणीस वर्षं. अक्षर वेडंवाकडं आलं. एक शब्द चुकला तो खोडला, वर दुसरा लिहिला. दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहायचं ते मला येईना.

"फायलीला लागेल हे," थोरली म्हणाली. मी हो म्हटलं. तिने दुरुस्तीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, क्षणभर, आणि उचललं. आता तरी ती काही बोलेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने पुढची वही ओढली, जुनं कापड सोडायला घेतलं.

"सोमवारी पास हो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. खिडकी लावून घे म्हणावं तसं म्हणाली. "समोरच्या टेबलावर मला तू नको आहेस."

मी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि निघाले. बरं, येते, असं काहीतरी म्हटलं असेन. जिना चढायला लागले तेव्हा लक्षात आलं की तिचं पेन माझ्या मुठीतच आहे. सोमवारनंतर देईन, टपालातून पाठवीन, असंही मनात आलं. तीन पायऱ्या चढून झाल्या होत्या. मी परत खाली उतरले.